कोरा रकाना

तात्या हे नाव त्याला वयामुळे नाही, टकलामुळे मिळालं होतं. कॉलेज संपता संपता डोक्यावरचे केस संपले आणि मित्रांनी त्याचा तात्या करून टाकला. पुढे नोकरीत तेच चिकटलं, सख्खी थोरली बहीणही तेच म्हणायला लागली, आणि आता खरं नाव फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं होतं.

शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयात तो सर्व्हर सांभाळायचा. हे काम असं असतं बघा, सगळं सुरळीत चाललं तर कुणी ओळख देत नाही, आणि एक दिवस काही अडलं की शिपायापासून साहेबापर्यंत सगळे याच्याच नावानं शंख करतात. अशा नोकरीत माणूस एक तर चिडका होतो नाहीतर भित्रा. तात्या भित्रा झाला होता. कुठलीही फाइल काढायची म्हटलं की आधी तिची नक्कल ठेवायचा, मग नकलेची नक्कल ठेवायचा, आणि मग काढायचं रहितच करायचा.

आणि हाच भित्रा माणूस घरी गेल्यावर जगभरच्या सर्व्हरवाल्यांसाठी टूल्स लिहीत बसायचा. फुकट. लिहायचं आणि इंटरनेटवर ठेवून द्यायचं, ज्याला हवं त्यानं उचलावं, वापरावं, हवं तसं बदलावं. बायको म्हणायची, "घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजा." यावर तो नुसता हसायचा. कारण अधूनमधून कुठल्याशा अनोळखी माणसाचा निरोप यायचा की तुमच्यामुळे आज लवकर घरी जाता आलं, आणि तेवढ्यावर याचा आठवडा जायचा.

त्याचं सगळ्यात चालणारं टूल म्हणजे 'आवरासावर'. सर्व्हरवर जुन्या फाइलींचा ढीग साचतो आणि एक दिवस डिस्क तुडुंब भरून सगळं ठप्प होतं. आवरासावर रोज संध्याकाळी, कचेऱ्या सुटल्यावर, आपोआप जागं व्हायचं आणि ठरावीक दिवसांपेक्षा जुनं जे काही असेल ते काढून टाकायचं. किती दिवसांपेक्षा जुनं, तो आकडा ज्यानं त्यानं एका रकान्यात भरायचा. ज्याचा धीर होत नाही त्यानं रकाना कोरा ठेवायचा. कोरा रकाना दिसला की आवरासावर कशालाही हात लावायचं नाही, काय काय साचलंय त्याचा अहवाल तेवढा द्यायचं.

कोरा रकाना ठेवणारी माणसं कोण, तर जी फार जपून असतात ती. ज्यांच्याकडे गमावून चालणार नाही असं काही असतं ती. तात्याची थोरली बहीण त्यातलीच. ती लहान मुलांच्या हॉस्पिटलात सर्व्हर सांभाळायची. आवरासावर लावून घे म्हणून तिच्या मागे लागला होता तो हाच, आणि "रकाना कोरा ठेव ताई, मग कसलीच भीती नाही," असं सांगणाराही हाच.

तर त्या शुक्रवारी, दुपारी डबा उघडून पहिला घास घेतोय तोच निरोप आला. एका लायब्ररीत काम करणाऱ्या माणसाचा. ओळख नाही, पण बरीच वर्षं आवरासावर वापरणारा. त्यानं लिहिलं होतं, "तात्या, तुमचं कालचं नवीन व्हर्जन आज हातानं चालवून पाहिलं. रकाना कोराच होता. सगळं गेलं. मशीन टाकाऊ होतं म्हणून वाचलो, पण तुम्ही एकदा बघा."

तात्याला आधी रागच आला. आता काय सांगायचं या लोकांना. स्वतः घोळ घालायचा आणि बिल दुसऱ्याच्या नावावर फाडायचं. कोऱ्या रकान्याची चाचणी त्यानं काल संध्याकाळी स्वतः केली होती आणि एक फाइल जागची हलली नव्हती. तरी म्हटलं बघू. डबा बाजूला सरकवला आणि रोज घरी नेतो त्याच लॅपटॉपवर रकाना कोरा ठेवून आवरासावर पुन्हा चालवलं. सगळ्या फाइली जागच्या जागी. त्यानं सुस्कारा टाकला, लायब्ररीवाल्याला लिहायला घेतलं, "माझ्याकडे तर नीट चालतंय," आणि वाक्य अर्धं झालं असताना त्याचं बोट थबकलं.

माझ्याकडे.

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. नोकरीच्या पहिल्या वर्षी तात्याच्या हातून एकदा भलतीच फाइल गेली होती, आणि तेव्हापासून त्यानं आपल्या मशीनला एक सवय लावून ठेवली होती. त्यानं आवरासावर असं टाइप केलं की मशीन गुपचूप पुढे जोडायचं, 'फक्त दाखव'. म्हणजे काय काढशील ते नुसतं दाखव, काढू नकोस. ही सवय इतकी जुनी झाली होती की ती आहे हेच तो विसरला होता. काल त्याच्या मशीनवर फाइली वाचल्या त्या टूल चांगलं होतं म्हणून नाही. त्या वाचल्या तात्या भित्रा होता म्हणून.

कोपऱ्यात एक जुनं मशीन पडलेलं होतं, त्याला असली कसलीही सवय नव्हती. त्यानं त्यात चार फालतू फाइली टाकल्या, रकाना कोरा ठेवला आणि चालवलं. फोल्डर रिकामं झालं. काही आवाज नाही, विचारणं नाही. पापणी लवायच्या आत झालं.

मग त्यानं स्वतःच लिहिलेल्या ओळी वाचल्या आणि चूक लगेच दिसली. नव्या व्हर्जनमध्ये कोऱ्या रकान्याचा अर्थ शून्य झाला होता. शून्य दिवसांपेक्षा जुनं काढ. शून्य दिवसांपेक्षा जुनं म्हणजे काय, तर सगळंच.

तात्याची पाचावर धारण बसली. ज्यांनी बेधडक आकडा भरला होता त्यांना काहीही होणार नव्हतं. जाणार होतं ते फक्त जपून वागणाऱ्यांचं.

दुरुस्ती करायला फारसा वेळ लागला नाही. एका ओळीचं काम. नवीन दुरुस्त व्हर्जन त्यानं जागेवर ठेवलंही. पण उपयोग काय? बहुतेक मशिनं रोज सकाळी एकदाच नव्या व्हर्जनची चौकशी करतात, असेल तर उचलतात आणि मग दुसऱ्या सकाळपर्यंत ढुंकून बघत नाहीत. कालचं व्हर्जन आज सकाळीच घराघरात जाऊन बसलं होतं. संध्याकाळी ते जागं होणार होतं.

आणि ते कुणाकुणाकडे होतं, हे तात्याला माहीत नव्हतं. एवढी वर्षं तो मिरवायचा की माझं टूल कुणाच्या घरात डोकावत नाही, कुणाचं नावगाव विचारत नाही. आता ज्यांना सावध करायचं त्यातल्या एकाचंही नावगाव त्याच्याकडे नव्हतं. होता फक्त एक कट्टा. सर्व्हरवाल्यांचा ऑनलाइन कट्टा, जिथे सगळे आपापली रडगाणी गायचे आणि एकमेकांना वाटा दाखवायचे. त्यानं तिथे लिहायला घेतलं. "आवरासावर ताबडतोब बंद करा. संध्याकाळी तुमचं सगळं पुसलं जाईल. चूक माझी आहे."

पाठवणार तेवढ्यात मागून साहेब आले. साहेब म्हणजे तात्याचे वरिष्ठ, सर्व्हरमधलं त्यांना ओ की ठो कळायचं नाही, पण कागद कुठे अडकवतो ते बरोब्बर कळायचं. त्यांनी खांद्यावरून वाचलं.

"हे काय? आपलं काही गेलंय का?"

"नाही साहेब, आपल्याकडे आकडा भरलेला आहे. पण बाकीच्यांचं जाईल."

"बाकीचे आपले कोण? फुकट दिलंयस ना? खाली लिहिलेलं असतं ना, आपापल्या जबाबदारीवर वापरा म्हणून?"

"लिहिलंय."

"मग झालं तर. उगाच चूक माझी, चूक माझी म्हणून गळा काढू नकोस. उद्या कुणी वकील पाठवला तर तो तुझा पत्ता विचारत इथेच येईल. झाकली मूठ सव्वा लाखाची. सूचना द्यायचीय तर दे, पण जरा बेतानं लिही."

साहेब गेले. तात्या पडद्याकडे बघत बसला. साहेबांच्या बोलण्यातलं निम्मं त्याला पटलं नव्हतं, पण भीती पटण्याची वाट बघत नाही. डोळ्यांपुढे वकील दिसला, बायको दिसली, शाळेत जाणारी लेक दिसली. त्यानं लिहिलेलं पुसलं आणि पुन्हा लिहिलं. "आवरासावरच्या नवीन व्हर्जनमध्ये काही ठिकाणी अडचण येऊ शकते. कोरा रकाना ठेवणाऱ्यांनी सोयीनं दुरुस्त व्हर्जन घ्यावं, ही विनंती." वाचून बघितलं. कुणाच्या नजरेत येणार नाही असं ते झालं होतं. पाठवून दिलं.

मग ताईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच. तिची सर्व्हरची खोली तळघरात होती आणि तिथे फोनला रेंज धड मिळायची नाही. मग हॉस्पिटलच्या ऑपरेटरला लावला.

"मी सर्व्हरच्या मॅडमचा भाऊ बोलतोय. त्यांना जरा बोलावता का?"

"त्या तळघरात आहेत, तिथला फोन आत्ता बिझी आहे. घरी सगळं ठीक आहे ना हो?"

"घरी ठीक आहे. त्यांना एवढंच सांगा, मशीन बंद करा म्हणावं."

"कुठलं मशीन?" बाईंचा आवाज एकदम सावध झाला. "अहो, इथे पोरं मशीनवर श्वास घेतायत. असं फोनवरून कुणी काहीही बंद करा म्हणालं तर कसं चालेल? तुम्ही नक्की कोण?"

आपण काय बोलून बसलो ते कळल्यावर त्यानं "नको, काहीच बंद करू नका" असं म्हणून फोन ठेवला आणि साहेबांना न विचारता बाहेर पडला. रिक्षा केली. सिग्नलला थांबलं की तो उगाच ड्रायव्हरच्या सीटची पाठ घट्ट धरायचा. मुलांच्या हॉस्पिटलातले औषधांचे तक्ते, कुठल्या पोराला काय चालत नाही त्याच्या नोंदी, सगळं ताईच्या मशीनवर होतं. बॅकअप होता, पण बॅकअपच्या मशीनवरही आवरासावर होतं. ते लावायला त्यानंच सांगितलं होतं.

तळघराच्या दारावरची घंटा त्यानं बोट न काढता दाबून धरली. ताईनं दार उघडलं. गळ्यात चष्मा, हातात चहाचा कप, केसांत पेन खोचलेलं.

"अरे, आग लागलीय का कुठे?"

"ताई, आवरासावर बंद कर. आत्ता. दोन्हीकडचं."

ताईनं एकदा त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. कप खाली ठेवला, खुर्चीत बसली, आधी मुख्य सर्व्हरवरचं बंद केलं, मग बॅकअपवरचं. दोन्ही पुन्हा तपासून पाहिलं. तात्या भिंतीला टेकून उभा होता.

"झालं," ती म्हणाली. "आता सांग."

त्यानं सांगितलं. कोरा रकाना, शून्य, आपल्या मशीनची जुनी सवय, सगळं. ऐकता ऐकता ताईचा चेहरा उतरत गेला. ती हळूच म्हणाली, "म्हणजे आज संध्याकाळी माझ्या पोरांचे तक्ते गेले असते."

"हो."

"पण तात्या, तुझी सूचना मी वाचली होती रे. जेवताना."

"वाचली होतीस?"

"वाचली. काही ठिकाणी अडचण येऊ शकते, सोयीनं घ्यावं. असल्या सूचना मी रोज चार वाचते. म्हटलं, तात्याचं काहीतरी किरकोळ असेल, सोमवारी बघू." तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तू माझ्याशी फोनवर बोलतोस तेव्हा किती साधं बोलतोस. हे असं सरकारी का लिहिलंस?"

"घाबरलो होतो."

"कशाला?"

तात्याला उत्तर देताना लाज वाटली, पण दिलं. "मला काहीतरी होईल म्हणून."

ताई त्याच्यावर कधी ओरडायची नाही, तशी ती आताही ओरडली नाही. खुर्चीतून उठली आणि त्याला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. "लिही. माझ्यासमोर लिही. सगळं जाणार आहे असं लिही आणि चूक तुझी आहे हेही लिही, नाहीतर कुणाला खरं वाटणार नाही. दिवस कलायला लागलाय."

घाईत दोन ओळींत चार अक्षरं चुकली. ताईनं मागून सांगितली, त्यानं दुरुस्त केली, पाठवलं. कट्ट्यावर थोडा वेळ काहीच हललं नाही. मग एकाचं आलं, "बंद केलं." मग दुसऱ्याचं, "बंद. आभार." एकीनं लिहिलं, "दुपारची सूचना वाचून घरी आले होते, आता परत कामावर निघालेय, शिव्या नंतर घालीन." तात्याला त्या शिव्या आत्ताच हव्या होत्या. येणाऱ्या प्रत्येक ओळीगणिक तो एक श्वास घेत होता.

ताई मात्र उभ्या उभ्या दुपारच्या जुन्या सूचनेखालचे निरोप वाचत होती. एका जागी ती थांबली. "हे बघ."

कुणीतरी 'पंप्या' नावानं लिहिलं होतं, "दादा, आमची रक्तपेढी लहान आहे, एकच सर्व्हर आहे आणि मी अर्धवेळ. तातडीचं दिसत नाही, तर सोमवारी येऊन बघतो. आवरासावर बनवल्याबद्दल मनापासून धन्यवाद, त्याच्यामुळे मला कॉलेज करता येतं."

तात्यानं त्याला लागोपाठ तीन निरोप पाठवले. एकाचंही उत्तर आलं नाही. पोरगा कट्ट्यावरून केव्हाच निघून गेला होता.

"कुठली रक्तपेढी?" ताईनं विचारलं.

"माहीत नाही. याच शहरातला आहे का तेही माहीत नाही."

ताईनं टेबलावरचा हॉस्पिटलचा फोन ओढला. मुलांसाठी रक्त मागवायचं म्हणून शहरातल्या आणि आसपासच्या रक्तपेढ्यांचे नंबर तिच्याकडे होते. ती एकेक लावत गेली. एका ठिकाणी सर्व्हरच नव्हता. एका ठिकाणी "आमचे इंजिनिअर पन्नाशीचे आहेत हो" असं उत्तर आलं. एका ठिकाणी कुणी उचललाच नाही. तात्या खुर्चीच्या कडेवर बसून तिच्या ओठांकडे बघत होता. वर जिन्यावर पावलं वाजत होती, पाळी सुटलेली माणसं घरी निघाली होती. आवरासावर जागं व्हायची वेळ त्यानं स्वतःच ठरवलेली होती, ही अशीच, माणसं घरी निघाल्यावरची.

मग ताईचा चेहरा बदलला. "हो का? कॉलेजचा मुलगा? त्याला पंप्या म्हणतात का?" तिनं रिसीव्हर तात्यापुढे धरला. "आहे. तो घरी गेलाय, फोन उचलत नाही म्हणतायत. नर्सबाई आहेत. बोल."

"बाई," तात्या म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "तुमच्या सर्व्हरच्या खोलीत जा आणि भिंतीतला प्लग ओढून काढा."

"अहो, त्याला हात लावायची आम्हाला परवानगी नाही. तुम्ही कोण?"

दुपारी याच प्रश्नाला तो पळाला होता. आता त्यानं सांगितलं. "त्या सर्व्हरवर माझं एक टूल आहे. ते मी लिहिलंय आणि त्यात माझी चूक झालीय. आता थोड्या वेळात ते तुमच्या सगळ्या नोंदी पुसणार आहे. परवानगी राहू द्या, बोलणी मी खाईन. प्लग काढा."

"रक्ताच्या सगळ्या नोंदी त्यातच आहेत हो," बाई म्हणाल्या, आणि रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. सपाता घाईनं लांब जाताना ऐकू आल्या. एक दार उघडलं. मग काही नाही. ताईनं तात्याचा हात धरला होता.

सपाता परत आल्या. बाईंना धाप लागली होती.

"काढला प्लग."

तात्यानं डोळे मिटले. "उपकार झाले बाई."

"पण मी आत गेले तेव्हा पडद्यावर काहीतरी चाललेलं होतं. ओळी पळत होत्या."

"कसल्या ओळी?"

"आमच्या फोल्डरांची नावं. एकेक नाव येत होतं आणि त्याच्यापुढे 'काढलं' असं येत होतं. भराभरा. कधीपासून चाललं होतं कुणास ठाऊक, मी तर आत्ता दार उघडलं."

ताईनं रिसीव्हरला कान लावला होता, तिनंही ते ऐकलं होतं.

"आता पुन्हा सुरू करू का?" बाईंनी विचारलं.

"नको. कुणीही हात लावू नका. मी येतोय, जेवढं परत आणता येईल तेवढं आणतो."

"या, पण मला आधी एक सांगा," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्या मनापासून विचारत होत्या. "फ्रीजमध्ये पिशव्या भरलेल्या आहेत आणि बाहेर दोघांचे नातेवाईक रक्तासाठी थांबलेत. कुठल्या पिशवीची तपासणी झालीय आणि कुठलीची व्हायचीय, ते मी आता कशात बघू?"